पेठ आणि पोथी
(उत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील भाषणाचा पाठ)



श्रींच्या उत्सवाच्या निमित्ताने आपण सारे दूरदूरच्या गावांहून येथे जमलो आहोत. कोणी बेळगावहून आले आहेत, कोणी इंदूर-बडोद्याहून, कोणी हैदराबादहून, तर काहीजण समुद्र ओलांडून आले आहेत. अशा या मेळाव्यात बोलण्यासाठी समितीने मला जो विषय दिला तो असा : जागतिकीकरण आणि त्याचा ग्रंथांनी घेतलेला वेध. देवळाच्या सभामंडपात या विषयाचे काय प्रयोजन, अशी शंका काहींच्या मनात डोकावली असेल. ती रास्त आहे. म्हणून तिचे निरसन प्रथम करतो आणि मग मूळ विषयाकडे वळतो.

जागतिकीकरण हा शब्द आपल्या कानांवर पडू लागला तो १९९१ साली भारत सरकारने आर्थिक धोरण बदलल्यानंतर. १९९५ च्या जानेवारीत जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि हा शब्द वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत स्थिरावला. त्यामुळे ही अवघी तीस-पस्तीस वर्षांची गोष्ट आहे असा आपला समज झाला. परंतु शब्द नवा असला म्हणून वस्तू नवी ठरत नाही. एका देशातला माल, माणूस, पैसा, रोग आणि विचार दुसऱ्या देशात जाऊन तेथील माणसांचे रोजचे जिणे बदलू लागला, की त्याला जागतिकीकरण म्हणावे. ही व्याख्या मान्य केली तर गोमंतकातील महाजन घराण्यांइतका त्याचा जुना अनुभव फार थोड्यांच्या गाठी असेल. आपली कुलदैवते तिसवाडी, बारदेश आणि साष्टी सोडून अंत्रुज महालात का आली, आपली माणसे कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत का पांगली, याचे उत्तर लिस्बनहून निघालेल्या गलबतांपाशी येऊन थांबते. तेव्हा हा विषय आपल्या दारी आज आलेला पाहुणा नव्हे. तो चारशे वर्षांपूर्वीच घरात शिरलेला आहे.

या दीर्घ घडामोडीकडे ग्रंथांनी कसे पाहिले? माझ्या अल्प वाचनातून मला असे दिसते, की ग्रंथांनी हे चार रीतींनी केले. काही ग्रंथांनी परक्या मुलखातील वस्तूंची नावे टिपली. काहींनी एकाच वस्तूचा माग काढीत जग धुंडाळले. काहींनी नफ्यातोट्याचा हिशेब मांडला. आणि काहींनी, म्हणजे कादंबऱ्यांनी, या उलथापालथीत सापडलेल्या माणसाचे अंतःकरण उघडून दाखविले. या चारही रीतींचा आपण क्रमाने परामर्श घेऊ.

पहिल्या प्रकारचा एक महत्त्वाचा ग्रंथ आपल्या गोव्यातच छापला गेला आहे. १५५६ साली गोव्यात मुद्रणयंत्र आले. भारतातील ते पहिले मुद्रणयंत्र होय. त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी, १५६३ मध्ये, गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ येथे प्रसिद्ध झाला. १५३४ साली गोव्यात आलेल्या या गृहस्थाने जवळजवळ तीस वर्षे येथील औषधी, मसाले, फळे आणि रोग यांचा अभ्यास केला. ग्रंथ संवादरूप आहे. एका बाजूला स्वतः ओर्ता आणि दुसऱ्या बाजूला युरोपातून नुकताच आलेला रुआनो हा कल्पित वैद्य. हा रुआनो पोथीपंडित आहे. ग्रीक आचार्यांनी जे लिहिले तेच प्रमाण मानणारा. ओर्ता त्याला सांगतो, की मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. युरोपात असतो तर प्राचीन आचार्यांच्या विरुद्ध बोलण्याचे धाडस झाले नसते, येथे मात्र ते करता येते, अशा आशयाची कबुलीही तो देतो. जगाच्या दोन टोकांची गाठ पडली म्हणजे ज्ञानाचे किती भले होऊ शकते याचे हे सुंदर उदाहरण आहे. चारच वर्षांनी, १५६७ मध्ये, क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्प येथे प्रसिद्ध केला आणि गोव्याच्या बाजारपेठेतील ज्ञान युरोपभर पसरले.

परंतु या चित्राची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. ज्या गोवा शहरात हा ग्रंथ छापला गेला त्याच शहरात १५६० साली धर्मन्यायालयाची, म्हणजे इन्क्विझिशनची, स्थापना झाली होती. ज्या दशकात ओर्ता आपल्या औषधींची चर्चा करीत होता त्याच दशकात आपले पूर्वज रात्रीच्या अंधारात देवाच्या मूर्ती घेऊन नदी ओलांडीत होते. आणि खुद्द ओर्ताचे काय झाले? तो मूळच्या ज्यू घराण्यातला होता. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळण्यात आले आणि १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून काढून त्यांना अग्नी देण्यात आला. एकच शहर, एकच राजवट आणि एकच काळ. कुतूहल आणि क्रौर्य येथे एकाच गलबतातून उतरले. जागतिकीकरणाचे कोणतेही पुस्तक हाती घेताना ही गोष्ट विसरू नये. जी वाट ज्ञान आणते, तीच वाट जुलूमही आणू शकते.

या ग्रंथात आणखी एक पात्र आहे, त्याकडे मी आपले लक्ष वेधतो. अंतोनिया नावाची एक दासी अधूनमधून येते. तिला हाक मारली की ती हवी ती वनस्पती आणून देते. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नाव ओर्ताचे आहे. झाड ओळखणारे हात मात्र पुष्कळदा अंतोनियाचे आहेत. तिच्याकडे आपल्याला शेवटी परत यावयाचे आहे.

ओर्तानंतर सुमारे शंभर वर्षांनी याच परंपरेतील एक प्रचंड ग्रंथ निर्माण झाला. त्याचे नाव 'होर्टस मलबारिकस', म्हणजे मलबारचे उद्यान. कोचीचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे याने तो सिद्ध करविला आणि १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाले. सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने आणि त्यांची रेखीव चित्रे त्यात आहेत. या ग्रंथाच्या मुळाशी इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याच्या घराण्यातील ताडपत्रांवरचे ज्ञान होते. त्याने मल्याळममधून सांगावे, दुभाष्याने ते पोर्तुगीज भाषेत आणावे, मग त्याचे डच व्हावे आणि अखेर लॅटिनमध्ये ते ग्रंथात उतरावे, असा त्या ज्ञानाचा प्रवास झाला. आणि या कार्यात ज्यांनी हात दिला त्यांत कोचीला स्थायिक झालेले तीन कोकणी ब्राह्मण वैद्य होते : रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट. निघंटूच्या आधारे आपण वनस्पतींची माहिती पुरविली असे त्यांनी १६७५ साली लिहून दिलेले प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात छापले आहे. ते कोकणी भाषेत असून नागरी लिपीत आहे. ग्रंथातील चित्रांवरही वनस्पतींची नावे लॅटिन, मल्याळम आणि अरबी यांच्या जोडीला नागरीत कोरलेली आढळतात.

महाजनहो, गोव्यातून परागंदा झालेल्या समाजाच्या तीन वैद्यांचे नागरी अक्षर ॲम्स्टरडॅमच्या छापखान्यात कोरले गेले, ही गोष्ट आपल्याला अभिमान वाटावी अशीच आहे. परंतु अभिमानाबरोबर एक प्रश्नही मनात यावा. पुढे १७५३ साली लिनियसने वनस्पतींच्या शास्त्रीय नामकरणाचा जो महाग्रंथ लिहिला त्यासाठी त्याने 'होर्टस मलबारिकस'चा आधार घेतला. ज्ञान आपल्या घरचे. त्याला नाव मात्र लॅटिन मिळाले. हा बारा खंडांचा ग्रंथ भारतातील सामान्य वाचकाला इंग्रजीतून मिळण्यास २००३ साल उजाडावे लागले. वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची अनेक वर्षे वेचून तो अनुवाद केला आणि केरळ विद्यापीठाने तो प्रसिद्ध केला. आपल्या घरातले ज्ञान आपल्याच घरी परत यायला सव्वातीनशे वर्षे लागली.

आता दुसऱ्या रीतीकडे वळू. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इतिहासकारांनी राजे आणि लढाया बाजूला ठेवून वस्तूंचा इतिहास लिहिण्यास आरंभ केला. १९७२ साली आल्फ्रेड क्रॉस्बी या अमेरिकन इतिहासकाराचा 'द कोलंबियन एक्स्चेंज' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कोलंबसाच्या सफरीनंतर अमेरिका आणि बाकीचे जग यांच्यात पिके, पशू आणि रोगजंतू यांची जी देवाणघेवाण झाली तिचा हा इतिहास आहे. अमेरिकेतील मूळ रहिवासी देवीसारख्या रोगांना मोठ्या संख्येने बळी पडले. तिकडून मका, बटाटा, टोमॅटो, मिरची, तंबाखू जगभर गेली. हे वाचून झाल्यावर आपल्या स्वयंपाकघरात एक फेरी मारावी. मिरची, काजू, पेरू, अननस, पपई, चिकू, सीताफळ, बटाटा, टोमॅटो हे सारे परमुलखातून आलेले आहेत. काजूवाचून आपले पक्वान्न होत नाही आणि मिरचीवाचून आमटी होत नाही. पण यातले काहीही ज्ञानेश्वरांच्या पानावर वाढलेले नव्हते.

आपल्यापैकी अनेक घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकात आजही बटाटा-टोमॅटो चालत नाही आणि मिरचीऐवजी मिऱ्यांचा तिखटपणा वापरतात. यामागे शास्त्राधार कोणता, हे मी सांगू शकणार नाही. पण इतिहासाचा एक धागा त्यात दिसतो. पितरांना त्यांच्या ओळखीचे अन्न वाढावे, एवढीच ती साधी समजूत असावी. जे पुस्तकात लिहिले गेले नाही ते पानावर नोंदून ठेवलेले आहे.

क्रॉस्बीच्या पाठोपाठ १९८५ मध्ये सिडनी मिंट्झ या मानवशास्त्रज्ञाचा 'स्वीटनेस अँड पॉवर' हा ग्रंथ आला. विषय साखर. शर्करा हा शब्द आणि तिची कृती भारतातून पश्चिमेकडे गेली. पुढे युरोपीयांनी कॅरिबियन बेटांवर उसाचे मळे घातले आणि ते कसण्यासाठी आफ्रिकेतून गुलाम नेले. त्या साखरेने इंग्लंडच्या गिरणी कामगाराचा चहा गोड झाला. एके काळी राजेरजवाड्यांच्या कपाटात राहणारी साखर १९०० च्या सुमारास इंग्रजांच्या एकूण आहारातील उष्मांकांचा जवळजवळ पाचवा हिस्सा पुरवू लागली होती, असे मिंट्झ दाखवितो. चहाच्या एका पेल्यात मळ्यावरचा गुलाम आणि गिरणीतला मजूर असे दोघे कसे एकत्र येतात हे या पुस्तकाने दाखविले. दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नव्हते.

या साखरेचा एक धागा थेट मराठी माणसापर्यंत येतो. १८३४ साली ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी कायद्याने संपली आणि मळेवाल्यांना मजूर हवे झाले. मग भारतातून करारबद्ध मजुरांची भरती सुरू झाली. मॉरिशस, गयाना, त्रिनिदाद, सुरीनाम, फिजी अशी त्यांची पांगापांग झाली. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज तेथे आजही आपली मराठी ओळख सांगतात आणि गणेशचतुर्थी तेथे सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. या मजुरांच्या हालअपेष्टांचा सविस्तर इतिहास ह्यू टिंकर यांनी १९७४ साली लिहिला. ग्रंथाच्या नावातच त्यांनी या पद्धतीला गुलामगिरीचा नवा प्रकार म्हटले आहे.

कापसाचीही अशीच कथा आहे. स्वेन बेकर्ट यांचा 'एम्पायर ऑफ कॉटन' हा ग्रंथ २०१४ मध्ये आला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर भारताकडे वळली. मुंबईत पैशाचा पूर आला. सट्ट्याला ऊत आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले आणि अनेक पेढ्या बुडाल्या. परंतु मुंबईच्या पेढ्यांची कथा आपण पूर्वी ऐकलेली असते. बेकर्ट वाचकाला वऱ्हाडात, खामगावच्या कापूसबाजारात घेऊन जातो. १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या या प्रांतात रेल्वे आली, तारायंत्र आले आणि ज्वारीची जमीन कापसाखाली गेली. शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा आला खरा, पण घरातले धान्य बाजारातून विकत घ्यावे लागू लागले. कापसाचा भाव लिव्हरपूलला ठरणार आणि पोटाचा प्रश्न वऱ्हाडात उभा राहणार, असा हा उफराटा व्यवहार होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत त्याची किंमत गोरगरिबांनी मोजली.

तिसरी रीत हिशेबाची. या बाबतीत आपल्या देशाने जगाला काही दिले आहे, हे मी आवर्जून सांगेन. १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रात लोकहितवादींची शतपत्रे प्रसिद्ध होऊ लागली. परदेशी मालाने येथील कारागीर कसा बुडाला आणि आपण आपलाच माल का वापरावा, याची चर्चा त्यांनी त्या काळी केली. पुढे न्यायमूर्ती रानडे यांनी भारतीय अर्थशास्त्रावर निबंध लिहिले. पश्चिमेतील अर्थशास्त्राचे सिद्धान्त सर्व देशांना सर्व काळी सारखेच लागू पडतात काय, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. १९०१ मध्ये दादाभाई नौरोजी यांनी भारतातून दरसाल किती संपत्ती वाहून जाते याचा आकडेवारीनिशी हिशेब ग्रंथरूपाने जगापुढे मांडला. रमेशचंद्र दत्त यांचे भारताच्या आर्थिक इतिहासाचे दोन खंड १९०२ आणि १९०४ मध्ये निघाले. बडोद्याहून आलेल्या मंडळींना हे ऐकून आनंद होईल, की दादाभाई आणि दत्त या दोघांनीही बडोदे संस्थानची दिवाणगिरी केली होती. आणि दत्तांचे देहावसान १९०९ साली बडोद्यातच झाले.

आजच्या काळातील हिशेबाचे दोन ग्रंथ शेजारी शेजारी ठेवून वाचावेत अशी माझी शिफारस आहे. एक जोसेफ स्टिग्लिट्झ यांचा, 'ग्लोबलायझेशन अँड इट्स डिस्कंटेंट्स', २००२ सालचा. स्टिग्लिट्झ जागतिक बँकेचे प्रमुख अर्थतज्ज्ञ होते. २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९७ च्या पूर्व आशियाई आर्थिक संकटात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जी औषधयोजना केली तिने रोग्याची प्रकृती अधिकच बिघडली, असे त्यांनी आतल्या माणसाच्या अधिकाराने सांगितले. दुसरा ग्रंथ जगदीश भगवती यांचा, 'इन डिफेन्स ऑफ ग्लोबलायझेशन', २००४ सालचा. भगवती मुंबईत जन्मलेले. व्यापार वाढला की गरिबाच्या घरी पैसा येतो आणि पैसा आला की आईबाप मुलाला कामावर धाडण्याऐवजी शाळेत धाडतात, हे त्यांचे प्रतिपादन. दोघेही खुल्या व्यापाराचे शत्रू नव्हेत. भांडण आहे ते वेगाचे, क्रमाचे आणि नियम कोणी करावयाचे याचे. आपल्याकडे एखादे गाव धरणाच्या पाण्याखाली जाते तेव्हा जमीन कोणाची जाते आणि पाणी कोणाला मिळते, असे आपण विचारतो. या दोन ग्रंथांचा वादही त्याच प्रश्नाभोवती फिरतो.

हिशेबाच्या ग्रंथांची एक मर्यादा आहे. ते सरासरी सांगतात. सरासरीला दुःख नसते. ते दुःख सांगण्यासाठी चौथी रीत लागते, ती कादंबरीची.

या संदर्भात मी प्रथम नाव घेईन ते आपल्या फोंडा तालुक्यातील वळवई गावच्या पुंडलीक नायक यांच्या 'अच्छेव' या कोकणी कादंबरीचे. ती १९७७ साली प्रसिद्ध झाली आणि विद्या पै यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद २००२ मध्ये आला. एका शेतकरी गावात लोहखनिजाची खाण येते. शेत नांगरणारे हात रोजंदारीला जातात, गावात पैसा खेळू लागतो, आणि एका कुटुंबाची वीण हळूहळू उसवत जाते. कादंबरीत जागतिकीकरण हा शब्द कोठेही येण्याचे कारण नव्हते. पण मुरगाव बंदरातून ते खनिज परदेशांतील पोलाद कारखान्यांकडे जात होते हे आपण सारेच जाणतो. दूरच्या देशातील भट्टी पेटती राहावी म्हणून येथील एक चूल विझते, हे नायकांनी एकाही आकड्याच्या आधाराशिवाय दाखविले. पुढे २००० नंतरच्या काळात चीनची मागणी वाढली आणि उत्खननाला सीमा उरली नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबविल्या, आणि त्या पुन्हा सुरू झाल्यावर २०१८ मध्ये जुने पट्टे रद्द ठरविले. हार्टमन डिसोझा यांचे 'ईट डस्ट' हे २०१५ सालचे इंग्रजी पुस्तक याच उत्खननाचा संतप्त पंचनामा करते.

या विषयावर बोलताना आपण आरोपीच्या पिंजऱ्यात केवळ परक्यांना उभे करून चालणार नाही. खाणीच्या पैशाने गोव्यात घरे उभी राहिली, मुले शिकली, अनेकांचे संसार चालले. बंदी आली तेव्हा ट्रकवाल्याचे आणि बार्जवरील कामगाराचे हप्ते थकले. तेव्हा आपण या व्यवहारात फक्त सोसणारे होतो असे म्हणता येत नाही. लाभ घेणारेही होतो. चांगली कादंबरी वाचकाला हेच करायला लावते. ती आपल्याला न्यायाधीशाच्या आसनावरून उठवून साक्षीदाराच्या जागी नेऊन बसविते.

इंदूर आणि ग्वाल्हेरकडील मंडळींना असाच अनुभव अमिताव घोष यांच्या कादंबऱ्या देतील. 'सी ऑफ पॉपीज' ही २००८ मधील कादंबरी गंगाकाठची अफूची शेती आणि मॉरिशसला निघालेले मजूर यांची कथा सांगते. २०११ ची 'रिव्हर ऑफ स्मोक' मुंबईच्या एका पारशी व्यापाऱ्यामागोमाग वाचकाला चीनमधील कँटन बंदरात नेते. मुंबईहून चीनला जाणारी अफू ती माळव्याची. होळकर आणि शिंदे यांच्या मुलखात ती पिके. इंग्रजांची मक्तेदारी चुकवून ती पोर्तुगीजांच्या दमण बंदरातून बाहेर जाई. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतल्यावर कराचीकडची वाट बंद झाली आणि दमणचाही व्यापार ओसरला. अमर फारुकी यांनी १९९८ च्या आपल्या संशोधनग्रंथात याचा सविस्तर मागोवा घेतला आहे. या व्यापारात हिंदी पेढीवाले, सावकार आणि दलाल होते. त्या पैशातून मुंबई वाढली आणि चीनमध्ये असंख्य घरे धुळीला मिळाली. तेव्हा ज्याला आपण परक्यांनी केलेला अन्याय म्हणतो त्याच्या कीर्दखतावणीत कधी कधी आपलेही हस्ताक्षर सापडते. ते वाचण्याचे धैर्य ग्रंथ देतात.

आता या साऱ्याचा मथितार्थ काय? एकेकट्या रीतीने पाहिले तर जग अर्धेच दिसते. नावे टिपणारा ओर्ता दासीचे मन टिपत नाही. वस्तूचा माग काढणारा इतिहासकार बाजारापर्यंत पोहोचतो, पण माजघरात त्याला प्रवेश नसतो. हिशेबनीसाला एकूण बेरीज दिसते, कादंबरीकाराला एक घर दिसते. म्हणून या प्रश्नावर मत बनवू इच्छिणाऱ्याने चारही प्रकारचे निदान एकेक पुस्तक वाचावे. कोणी केवळ हिशेबाची पुस्तके वाचील तर तो निष्ठुर होईल. कोणी केवळ कादंबऱ्या वाचील तर तो हळहळेल, पण उपाय सांगू शकणार नाही.

आणि आता अंतोनियाकडे परत येऊ. आतापर्यंत मी जे ग्रंथ सांगितले त्यांतील बहुतेक दुसऱ्यांनी आपल्याविषयी लिहिलेले आहेत. रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट यांची नावे टिकली याचे कारण एकच : त्यांनी चार ओळी आपल्या हाताने लिहून दिल्या. जे लिहिले गेले नाही ते आपल्याकडून कायमचे निसटले. कोणते घराणे कोणत्या वर्षी गाव सोडून कोठे गेले, कोणी कोचीला पेढी घातली, कोण आफ्रिकेत गेले, कोण कराचीहून १९४७ मध्ये हात हलवीत परतले, कोण १९९० मध्ये कुवेतहून नेसत्या वस्त्रानिशी आले, यांतले पुष्कळ आज केवळ वयोवृद्धांच्या तोंडी आहे. ती माणसे एकेक करून आपल्यातून जात आहेत. देवस्थानाच्या जुन्या वह्या, महाजनांच्या सूची, वर्षासनांच्या नोंदी आणि देणग्यांच्या पावत्या कपाटांत आहेत. वाळवीला त्यांचे मोल समजत नाही. ते आपल्याला समजले पाहिजे. त्या पावत्यांवरची गावांची नावे नुसती वाचली, तरी आपल्या समाजाचा जगभरचा प्रवास डोळ्यांपुढे उभा राहतो.

म्हणून समितीपुढे आणि आपणा सर्वांपुढे मी दोन नम्र सूचना ठेवतो. पहिली अशी, की अग्रशाळेतील एखादी खोली ग्रंथालयासाठी राखून ठेवावी आणि तेथे, धार्मिक ग्रंथांच्या शेजारी, आज उल्लेखिलेल्या पुस्तकांसारखी पुस्तके असावीत. उत्सवाला आलेल्या तरुण मुलामुलींना दुपारच्या वेळी तेथे बसता यावे. त्यांच्यापैकी अनेकांना उद्या याच जगाच्या बाजारात उतरावयाचे आहे; त्या बाजाराचा इतिहास त्यांना ठाऊक असावा. दुसरी सूचना अशी, की प्रत्येक महाजन कुटुंबाने आपल्या घराण्याच्या स्थलांतराची हकिकत दोन-चार पानांत लिहून देवस्थानाकडे द्यावी. भाषेच्या डौलाची चिंता करू नये. सन, गाव, व्यवसाय आणि जाण्याचे कारण एवढे लिहिले तरी पुरे. त्यात सुखाच्या गोष्टी लिहाव्यात, तशा सांगण्याला जड जाणाऱ्या गोष्टीही लिहाव्यात. घरात राबणाऱ्या, शेत कसणाऱ्या, पालखी वाहणाऱ्या आणि देवळाची सेवा करणाऱ्या माणसांची नावेही त्यात यावीत, म्हणजे आपल्या पोथीत तरी अंतोनिया निनावी राहणार नाही.

बाजारपेठ माणसांना पांगविते. पोथी त्यांना पुन्हा एकत्र आणू शकते, मात्र त्यासाठी ती कोणीतरी लिहावी लागते. ते काम परक्या पंडितांवर सोडू नये, एवढीच माझी विनंती आहे.